अर्ध्या गोळ्या

प्रिय लंबू,

रागावलेय, तरी प्रिय म्हणतेय. सकाळपासून कागद घेते नि उठते. पाणी भरून आले, तंबूची घट्ट दोरी पुन्हा आवळली. तुझे बाबा म्हणतात, हिच्या पायाला आज भिंगरी लागलीय.

तुझा ट्रकवाला मित्र गोळ्यांची पुडी देऊन गेला. ताकदीच्या आहेत, अर्ध्या तिला आणि अर्ध्या मी घेतोय, असा तुझा निरोप. सुनेला कोण कौतुक! मलाही, खोटं कशाला बोलू? घर सुटून या छावणीत आल्यापासून आपण तीळसुद्धा सात जणांत वाटून खातो, साबणाची वडी दोऱ्याने कापून शेजारणीला देतो. गोळ्याही वाटल्यास यात नवल ते काय?

पण तुझ्या मागच्या सुट्टीपासून ती कण्हत होती. लघवीला जायचं म्हटलं की रडवेली व्हायची. नळावरच्या बायका म्हणाल्या, छावणीच्या संडासामुळे होतं. मीही मान डोलावली. दवाखान्याच्या त्या कडेच्या, गुप्तरोगांच्या तंबूत कुणी जात नाही, तिथे दिसली की अब्रू गेलीच. शेवटी मी तिला हात धरून नेलं आणि रांगेत स्वतःच पुढे उभी राहिले. आता नळावर माझीच चर्चा आहे. या वयात! होऊ दे.

नर्सबाईंनी पुडी बघितली आणि कपाळाला हात लावला. कसली ताकद! शरीरसंबंधातून लागणाऱ्या रोगाच्या गोळ्या त्या. हा रोग संडासाने होत नाही, माणसाकडून माणसाला जातो. अर्ध्या गोळ्यांनी धड तू बरा नाहीस, धड ती. दुखणं दबतं, रोग आतच राहतो. तिची तपासणी करून वेगळं औषध सुरू केलंय.

कुठे, कुणाकडे, मी विचारणार नाही. ते तिने विचारायचं. परक्या जागी तू एकटा पडलास, कळतं मला. कळतं, पण पचत नाही. जिच्याकडे गेलास तिलाही सांग, तपासून घे म्हणावं. तीही आपल्यासारखीच कुठून तरी उठून आलेली असेल.

हे तिनेच लिहायचं होतं, पण तिने कागद माझ्यापुढे सरकवला. तिला दिवस गेलेत, लंबू. वेगळं औषध त्यासाठीच. नर्सबाई म्हणतात, उपचार वेळेत पुरे झाले तर बाळाची काळजी नको. पण तू अर्धवट बरा होऊन आलास, तर तिला पुन्हा लागण होईल. तेव्हा ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांच्याकडे परत जा, अर्ध्या गोळ्या कुठे गेल्या ते खरं सांग. ते तपासून बरा झालास म्हणेपर्यंत सुट्टीला येऊ नकोस. आई असून मी तुला येऊ नको म्हणतेय, काय वेळ आली बघ. आणि आता मिळतील त्या गोळ्या सगळ्या एकट्याने खा. एकही कुणाला वाटू नकोस.

तुझीच, नळावर बदनाम झालेली,
आई