संडासाचे दोन बिल्ले

चिकलठाणा,
ता. १६ एप्रिल, मंगळवार.

वहिदास भागूबाईचा सलाम, तुझ्या सदफला आशीर्वाद. मी बरी हाय, गुडघे सोडून. गंगापुरात नळाला पाणी येतं का? इथं नवव्या दिवशी येतं. ईद झाली, पण यंदा तुझ्या हातचा शिरखुर्मा नाय, तोंड कोरडंच. फोन उचलत नाहीस म्हणून नातीच्या वहीचं पान फाडलं. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण, चुकलंमाकलं सदफनं जुळवून तुला वाचून दाखवावं.

तर शुक्रवारी आपल्या शिलाईच्या कंपनीत सगळ्यात आधी कोण आलं असंल, सांग? टँकर! कंपनी बघायला येणाऱ्या परदेशी पाव्हण्यांच्याही आधी. एरवी दुष्काळ दुष्काळ म्हणून संडासाला कुलूप लावणारे, त्या दिवशी कुंड्यांना पाणी घालत होते. मग आली चतुराबाई, नवी साडी नेसून. म्हटलं, "काय गं, तुलाच बघायला येणारेत का?" तर म्हणती, "व्हय, जमलं तर जाते परदेशी." लई हसलो.

साहेबानं आदल्या दिवशीच पढवलं होतं. संडासाचं दार उघडं ठेवायचं, मी राखणीला हसत उभं राहायचं, अन् बिल्ल्यांचं नाव काढायचं नाय. साठ बायांत ते पत्र्याचे दोन बिल्ले, हातात बिल्ला असंल तीच आत. ते मी कनवटीला खोचले.

पाव्हणी माझ्याच वयाची, केस कापसावानी. संगं पुण्याची मृण्मयी नावाची पोरगी, तिचं बोलणं मराठीत करून सांगणारी. दुपारी पाव्हणी संडासाकडं आली. अन् माझा हात, बाई, सात वर्षांची सवय! कनवटीचा बिल्ला काढून मी तिच्या हातात ठेवला. वर म्हणते कशी, "लौकर ये गं, भाईर बाया खोळंबल्यात."

साहेबाचं तोंड करपल्या भाकरीवानी झालं.

पाव्हणी बाहेर आली, बिल्ला उलटासुलटा बघितला अन् माझ्याशेजारी पायरीवर बसली. मृण्मयी म्हणाली, "आजी, हे काय आहे, विचारतायत." खोटं तोंडावर आलं होतं, पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की सगळं सांगून बसले.

मग मृण्मयीनं समजावलं. दोन देशांत माल विकायचा करार झालाय. तो माल शिवणाऱ्या बायांना पाणी, संडास, मोकळीक मिळाली पाहिजे, असं त्यात लिहिलंय. खरंच मिळते का, ते बघायला या आल्यात. मला करार म्हटलं की तुझंच बोलणं ठाऊक, "जी को करार नै, भागूबाई," म्हंजे जिवाला चैन नाय. वहिदा, सात समुद्रापल्याड कोटवाली माणसं बसली असतील, सह्या झाल्या असतील, अन् त्या कागदात आपला संडास! अंगावर काटा आला. आपलं मुतणं कुणी लिहून ठेवावं एवढं मोठं असतं का गं?

शनिवारी कुलूप निघालं. बाया नुसत्याच आत जाऊन येतात, बघायला. पण काल टँकर आला नाय, अन् साहेब म्हणाला, "ऑर्डर दुसरीकडं गेली की बसा घरी मोकळ्या." कागदात दम किती, ते अजून बघायचंय.

आता जे टाळत होते ते. सदफ, हे गाळू नको, वाच.

मागच्या उन्हाळ्यात त्या दिवशी तू तीनदा संडासापाशी आलीस, हात जोडलेस. दोन्ही बिल्ले दुसऱ्या बायांकडं होते, पण किल्ली तर माझ्याच हातात होती. मी नाय म्हटलं. तू मशीनपाशी पोचलीस अन् सलवार ओली झाली. तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणाले, "आता हे पुसणार कोण?" साहेब तिथं नव्हता, वहिदा. तो शब्द साहेबाचा नाय, माझा. तू दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस.

पाव्हणीला हेही सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईला भेटायचंय. तुझं नावगाव मी सांगितलं नाय, तुझ्या मर्जीबिगर सांगणार नाय. पण आलीस तर माझ्यासमोर बोल, माझं नाव घेऊन बोल. मी खाली बघणार नाय.

एक बिल्ला पाव्हणीनं नेला. दुसरा या पाकिटात हाय. फेकायचा तर फेक, नायतर घेऊन ये.

तुझी म्हणू दिलंस तर तुझीच,
भागूबाई

पाव्हण्या परत येणार हायेत नऊ मेला, गुरुवारी. गंगापूरची पहिली गाडी येते तेव्हा मी स्टँडवर उभी असंन.