सोफा छपरीत, वळण जागेवर

बाबा,

सोफा मी छपरीत नेऊन ठेवला हाये. परत आत आणू नका.

पाहुण्यायले बसाले जागा व्हावी म्हणून काल तुमी प्लायवूडवरच्या माह्या लहान रेल्वेचं मोठं वळण उखडलं आणि लहान गोल करून कोपऱ्यात कोंबलं. सकाळी मी गाडी चालवून पाहिली. इंजिन कसंतरी गेलं, मागचे डबे पलटी झाले. सरळ रुळाले एकदम गोल रूळ जोडला का असंच होते. वरठीच्या टेसनावर जाऊन पाहा, खरी गाडी अशी झटक्यानं वळते का? मी बांबूची कमची दोन्ही टोकं धरून वाकवली. ती जशी हळूहळू वाकली तशीच पेन्सिलनं रेघ मारली आणि त्या रेघेवर रूळ पुन्हा बसवला. तेवढी जागा त्याले लागतेच.

मागच्या पाहुण्यायले तुमी म्हणाले होते, "लगन झालं का पोरीचं हे खेळनं सुटन." मी आत पोहे करून राहिली होती. मले आयकू आलं. आज तसं म्हणू नका.

कारध्याच्या मावशीची साडी आणाले चालली. लाखनीवाले पाहुणे यायच्या आधी येईन. साडी नेसीन, पोहेबी करीन. पण ते बसतीन तवा गाडी चालूच राहीन. पोरानं एकदाबी वाकून त्या वळणाकडे पाहिलं नाही, तर चहा तुमीच नेऊन द्या. मी बाहेर येणार नाही.

प्रतीक्षा