टोचून आलास तरच

हार्लिंगन, ३ नोव्हेंबर

चि. हिल्के यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, पचत असतील तर घे.

एकवीस तारखेला बाबांना सत्त्याऐंशी पूर्ण होतात. खुर्च्या गोल मांडेन, केक आणेन, आणि येणारा प्रत्येकजण रीतीप्रमाणे त्यांच्या गालाचे तीन पापे घेईल. त्यांच्या फुफ्फुसांत आता दम राहिलेला नाही. फ्लूची लस त्यांनी घेतलीय, पण या वयात ती अर्धीमुर्धीच लागू पडते म्हणे. बाकीचं आपल्यावर. तेव्हा टोचून आलास तरच ये. एखादा दिवस अंग कसकसतं, त्याने कुणी मरत नाही.

लोभ आहे, तो नासवू नकोस.
त्शित्स्के

स्नेक, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
लांबूनच नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी टोचून घेतलं, दोन दिवस तापाने फणफणलो, बोटींची शर्यत हुकली. वर त्याच हिवाळ्यात फ्लूही झाला! कसला डोंबलाचा फायदा? बाबांच्या नावावर हुकूम सोडायची तुझी खोड जुनीच. मला दारात अडवणारी तू कोण गं? बाबा माझेही आहेत.

लोभ आटला तरी माझी तक्रार नाही.
हिल्के

स्नेक, २९ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

काल फोनवर तू मला खोटारडा म्हणालीस. मी लस घेतली होती गं! वीस तारखेला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, फक्त तुझं तोंड बंद करायला. ती लागू पडायला दोन आठवडे जातात असं नर्स सांगत होती, मी ऐकलं न ऐकलंसं केलं. सकाळी अंग ठणकत होतं. सुईचंच असणार म्हणून निघालो, आणि बाबांचे तिन्ही पापे घेतले. तो फ्लू होता. आता बाबांना ऑक्सिजन लावलाय आणि तू मला भेटू देत नाहीस. एकदा तरी येऊ दे, पाया पडतो.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.
हिल्के

हार्लिंगन, ३ डिसेंबर

हिल्के,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

बाबा काल दुपारी गेले. शनिवारी अकराला चर्चमध्ये ये. तुला येऊ दिलं नाही, ते मला आयुष्यभर खाणार आहे. तुझी बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही, त्यांनी सांग म्हटलं म्हणून लिहितेय. पहिल्याच पाप्याला त्यांना कळलं होतं, पोराचा गाल तापलाय. तरी दुसरा गाल पुढे केला. म्हणाले, वर्षाने आला होता, मागे कसा सरू?

त्यांनी तुला माफ केलं. मी नाही.
त्शित्स्के