साल्टमियरची पवनचक्की

साल्टमियर, सफोक
८ ऑक्टोबर १९२३

प्रिय भाऊ एफ्रेम यास,
केझायाचे अनेक आशीर्वाद. देवदयेने आई आणि मी बऱ्या आहोत. बाबा गेल्या ईस्टरला देवाघरी गेले. कागद महाग, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पवनचक्की उभी आहे का, असं विचारलंस. नाही. युद्ध संपलं त्या हिवाळ्यात वादळ चक्कीच्या पाठीकडून आलं. चक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवायला बाबा एकटे. दांडा त्यांच्याने हलेना. पाती मोडली, वरचं लाकडी घर कोसळलं. मधल्या ओकच्या खांबाची चॅपेलला तुळई झाली. खालचा विटांचा गोल तेवढा उरला आहे, त्यात शेजारचा पेटिट आपली डुकरं पाळतो. नाहीतरी शहरात वाफेची गिरणी झाल्यापासून इकडे दळायला येत होतं कोण?

दगडाचं सांगायचं राहिलं. जात्याची वरची तळी चौकात उभी केली आहे. युद्धातून न परतलेल्या मुलांची नावं बाबांनी तिच्यावर स्वतः कोरली, जात्याला टाकी लावायचे त्याच हत्याराने. थर्लोबाईंचे दोन्ही मुलगे त्यात आहेत.

"दगड गॅरडांचा, म्हणून गॅरडांचं नाव वर का?" त्या म्हणाल्या.

"बाई, आद्याक्षरांच्या क्रमाने आहे," बाबा म्हणाले.

"हो तर. देवानेही क्रमानेच नेली असतील."

होय, 'एफ्रेम गॅरड' हे तुझं नाव त्यात आहे. 'बेपत्ता' अशी तार आली होती. तू पलटण सोडून पळालास आणि कॅनडात दुसऱ्या नावाने राहतोस, हे आत्ता तुझ्याच पत्रातून कळलं.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिच्या सुया थांबल्या नाहीत.

"नाताळला घरी यायचं म्हणतोय," मी म्हटलं.

"थर्लोबाईच्या दारावरूनच यावं लागेल त्याला." मग विणीची ओळ संपवून म्हणाली, "लिही, चक्की गेली म्हणून."

"आणि?"

"एवढंच लिही."

काल चॅपेलहून येताना तुझ्या नावावरून बोट फिरवलं. बाकीची नावं खोल आहेत, तुझं उथळ. उथळ खाच आधी झिजते, हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मनात काय होतं, ते आता कुणाला विचारू?

येऊ नकोस, एफ्रेम. आपल्या चॅपेलमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मी तुझ्यासाठी रोज करते, ओठ न हलवता.

गावाच्या लेखी जिचा एकुलता भाऊ फ्रान्सात पडला, ती तुझी बहीण,
केझाया