कुलपाबाहेरची शाळा

बाबा,

तुमच्या शाळेला कुलूप लागलं आहे, आणि ते गावानंच लावलं आहे. चार वर्ग, मास्तर एकच. तोही निम्मा आठवडा शेजारच्या गावची शाळा सांभाळतो आणि उरलेला मतदार याद्या. पालकांनी अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले, आणि मग एका सकाळी दाराला कुलूप ठोकलं. शिक्षक मिळेपर्यंत उघडणार नाही म्हणाले. स्वयंपाकाची खोली मात्र उघडी ठेवली. पोरं दुपारी येतात, खिचडी खातात, घरी जातात. आंदोलन करतानाही पोरांचं जेवण चुकू द्यायचं नाही, हे आपल्याच गावाला सुचावं.

ती खिचडी शिजवणारी बाई तुमची विद्यार्थिनी. गेल्या आठवड्यात गावाजवळच्या दरेकशा स्टेशनावरून गाडी धरून ती गोंदियाजवळ फुलचूरला माझ्या घरी आली. चहा घेतला, घर पाहिलं, इतक्या खोल्यांत एकटी काय करता म्हणून विचारलं, आणि मग मुद्द्यावर आली. "गुर्जी नाही तं गुर्जीची पोर तं आहे ना. तुम्ही रिकाम्या बसून राहिल्या, आमची पोरं रिकामी फिरून राहिली." मी म्हटलं, माझा जन्म विम्याच्या कचेरीत गेला, मला शिकवता येत नाही. तिनं विचारलं, मग एवढ्या मोठ्या इंग्रजी शाळेत काय शिकल्या?

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी तालुक्याच्या कचेरीत भांडायला गेले. साहेब बिचारा भांडण्यासारखा नव्हता. त्याच्याकडे स्वतःच्या खुर्चीखेरीज आणखी एका खुर्चीचा कारभार, टेबलावर झाकण न उघडलेला डबा, आणि दुपार उलटून गेलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, आप ही पढ़ा दीजिए ना. आम्ही व्यवस्था झाली म्हणून वर कळवतो, तुम्ही गावाला कुलूप काढायला सांगा." मी त्याला विचारलं, म्हणजे फुकटची म्हातारी मिळाली की मास्तराची जागा भरली? त्यानं डब्याचं झाकण उघडलं. मी उठून आले.

ही व्यवस्था मी घरात पाहिली आहे, बाबा. सुट्टीतली दुपार आहे, आई चुलीपाशी भात वाढते आहे, आणि मी नन्सच्या शाळेतून नुकतीच आलेली, नाकाचा शेंडा वर. मी विचारते, तुमची शाळा इतकी चांगली तर मला गोंदियाला कशाला घातलंत? आई डोळे वटारते. तुम्ही भात कालवत म्हणता, "तिथं एका वर्गाला एक बाई असते." आणि पुढचा घास घेता. त्या उत्तराचा मला आजही राग येतो, तुमचा नाही. तुम्ही तापातही शाळेत गेलात, एका खोलीत चार वर्ग बसवलेत, आणि दुसरा मास्तर मागितलात की वरून कळायचं, तुमचं तर छान चाललंय. खरंच चाललं होतं, तीच तर पंचाईत. तुम्ही थोडं वाईट शिकवलं असतं तर कदाचित कुणीतरी आलं असतं.

काल नकार सांगायला मी गावात गेले. पोरं ओसरीवर खिचडी खात होती. सगळ्यात मोठीला मी भागाकार विचारला, ती हसून ताटात पाहायला लागली. नकार माझ्या तोंडातून निघाला नाही. शेवटी कुलूप लावणाऱ्या पालकांनाच मी सांगितलं, ते काढू नका. मी ओसरीवर शिकवीन, दार बंदच राहील, आणि साहेबाला कुणी काही कळवायचं नाही. वर्गात मास्तर नाही, तर दार उघडं दिसायचं नाही. खिचडीवाली म्हणाली, "हे गुर्जीले नसतं जमलं जी." ती कौतुक करत होती की टोमणा मारत होती, मला कळलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे. हा कागद इथंच, घडी करून, तुमच्या फोटोपुढच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवते. तुमच्यावर ताशेरे ओढून झाले, आता खरं सांगते. मोठ्यांना भागाकार समजावताना पहिलीच्या चिमुरड्यांना काय द्यायचं, हे मला ठाऊक नाही.