‘जातो’ म्हणू नये

४ फेब्रुवारी, मंगळवार

निनाद पडला! रायसेन रोडवर ट्रकने कट मारला, मोटरसायकल घसरली. गुडघा सोलला, डोकं हेल्मेटमुळे वाचलं.

शशिकला हळद लावता लावता म्हणाली, "निघताना ‘जातो’ म्हणाला होता. कितीदा सांगितलं, ‘येतो’ म्हणावं." भोपाळात वाढलेला मुलगा, त्याला दोन्ही सारखंच. मी उगाच बायकोवर खेकसलो — कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! कारखान्यात जन्मभर मी हेच शोधलं, कुठली मोटर का जळली. शब्दाने एकही जळली नव्हती.

५ फेब्रुवारी

ट्रक आणखी हातभर इकडे असता तर?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा शाहपुऱ्याला ऑफिसात गेला. दारातून "चला, जातो!" शशिकलाचा चेहरा पांढरा पडला. मी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसलो. संध्याकाळी स्वारी समोसे घेऊन हजर.

ती निश्चिंत झाली. मी मात्र जास्तच घाबरलो. शब्दाने होत नसेल, तर कशाने होतं? कारण सापडलं की बंदोबस्त करता येतो. कारणच नसेल तर पोरगं रोज निव्वळ नशिबाने घरी येतं. त्यापेक्षा तो शब्दच खरा निघावा, असं वाटायला लागलंय. म्हणे इंजिनिअर!

११ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. तो घरात आहे तरी भीती वाटते.

१२ फेब्रुवारी, सकाळ

आज लाज सोडली. "जातो" म्हणून तो फाटकाबाहेर पडला, तसा मागे धावलो. गाडी थांबवायला लावली. म्हटलं, "‘येतो’ म्हण."

हेल्मेट काढून हसायला लागला. "क्या बाबा, तुम्ही पण? आईचं एक समजू शकतो." मग हात जोडून म्हणाला, "येतो, येतो, येतो. बस?" सावकाश पट्टा लावला आणि निघाला.

आठवड्याने आज पहिल्यांदा चहा गोड लागला.

१३ फेब्रुवारी

निनाद शुद्धीवर नाही. काल सोनागिरीच्या वळणावर बस अंगावर आली. त्याला उचलून आणणारा चहावाला मला म्हणाला, "भैया आधा मिनट पहले निकल जाते साब, तो कुछ नहीं होता."

शशिकलाला हे सांगितलेलं नाही. ती माझा हात धरून सारखी म्हणतेय, "तुम्ही थांबवून ‘येतो’ म्हणायला लावलंत, किती बरं केलंत."