मोरपंख बँडचा नंबर

४ मे, रविवार

पाचवा नंबरसुद्धा देणार नाही. यादीतच घेणार नाही!

यज्ञेशनं त्याच्या चॅनेलसाठी ‘नव्वदच्या दशकातले पाच आवडते बँड’ असं काहीतरी करायला सांगितलंय. कॉलेजातला मित्र. कळंबला मोबाईलचं दुकान सांभाळून चॅनेल चालवतो. त्याला पुण्या-मुंबईचे गिटारवाले हवे होते. मी म्हटलं, आपल्याकडे बँड म्हणजे वरातीपुढचा. ढोल, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, लाल कोट. डीजे येण्याआधी आख्खा जिल्हा त्याच्यावरच नाचलाय.

“तुझा जन्म तरी झाला होता का गं तेव्हा?”

नव्हता. पण तेव्हा आण्णा, माझे वडील, क्लॅरिनेट वाजवायचे. कळंबच्या मोरपंख बँडात. आणि मोरपंखच्या मालकानं, वैजनाथअप्पानं, भर चौकात त्यांच्या अंगातला कोट काढून घेतला होता.

आई सांगते ती हकीकत अशी. दोन वराती चौकात समोरासमोर आल्या की दोन्ही बँड तिथंच उभे राहून वाजवायचे. जो आधी थांबेल तो हरला. त्यानं आपली वरात बाजूला घ्यायची. त्या दिवशी समोर जळकोटचा शिवलीला बँड होता. आण्णांचा दम पुरला नाही. मोरपंख हरला. अप्पा ओरडला, “कोट काढ! बँडाचा हाय त्यो!” आण्णा बनियनवर चालत गावात आले. कोट बँडाचा, क्लॅरिनेटही बँडाचं. परत कधी वाजवलं नाही. डाळ मिलमध्ये पोती उचलायला लागले, ते आजपर्यंत.

आई हे सांगायला लागली की आण्णा खाली बघतात. मी लहानपणापासून ते खाली बघणं बघत आलेय.

आता माझ्या हातात यादी आहे.

६ मे

निकष ठरवले. सूर, ताल, नव्या चाली, लोकांची पसंती. रँकिंग निःपक्षच हवं. इतिहास घेऊन बी. ए. झालेय, घरातली पहिली पदवी, एवढं तर मला कळतं.

आणि तरीही मोरपंख नाही. निकषांचं बघून घेईन.

९ मे

जळकोटला जाऊन आले. शिवलीला बँडात ढोल वाजवणारे ईरण्णा भेटले. आता हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. मी कुणाची ते सांगितल्यावर टायर सोडून उभेच राहिले.

“बलभीमाची तू? अगं, तुझ्या बापानं सूर लावला की म्या काठी मारायची इसरायचो! पयला नंबर मोरपंखाचा. लिवून घे.”

मी म्हटलं, पण चौकात तर तुम्हीच जिंकलात.

“आमी? छे! आमच्या क्लॅरिनेटवाल्याचं तोंड सुजलं व्हतं. आमी हरल्यातच जमा व्हतो. आन् अचानक तुमचाच बँड गप झाला.”

वय झालंय. गोंधळ होत असेल.

पण वैताग आला! भूमला विचारलं — मोरपंख. तुळजापूरला विचारलं — मोरपंख, “आन् त्यातलं ते क्लॅरिनेट!” कौतुक आण्णांचं करतात आणि नंबर अप्पाला जातो.

१२ मे

आज अप्पाच्या घरीच गेले. मुलाखत घेते म्हटलं. नाव सांगितलं नाही. नंबरासाठी तो कसा मागे लागतो ते मला बघायचं होतं.

ओसरीवर मोठा ढोल पडलाय. त्याच्यावर कांदे पसरलेले. चामडं फाटलंय, पण रंगवलेली अक्षरं अजून ठसठशीत: ‘मोरपंख ब्रास बँड, मालक वैजनाथअप्पा’. वाजवणाऱ्या एकाचंही नाव कुठं नाही.

“काय शिकलीस?”

“इतिहास.”

“मंग किल्ल्याचं लिव की! बँडाचं काय लिवतीस?” स्वतःच हसला. मग तासभर स्वतःबद्दलच बोलला. मी असा बँड उभा केला, मी तशी शिस्त लावली, मी, मी.

मी शेवटी विचारलं, “क्लॅरिनेट कोण वाजवायचं?”

त्यानं कांदा उचलला. उलटसुलट करून बघितला. “क्लॅरिनेटवाला व्हय? व्हता एक. नाव आठवत न्हाय.”

वहीतल्या पानातून पेन आरपार गेलं माझं. इतकं दाबून धरलं होतं.

१३ मे

व्हता एक. व्हता एक. व्हता एक!

१५ मे

यादी पूर्ण. पहिला शिवलीला, दुसरा भूमचा एक, मग तुळजापूरचे दोन आणि परंड्याकडचा एक. मोरपंख गायब. जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवली.

आई भांडी टाकून आली. “बरं केलंस बाई! कळू दे त्या मेल्याला!”

आण्णा पोत्यांनी सोललेल्या खांद्याला तेल लावत होते. मग हळूच म्हणाले, “मोरपंख न्हाय व्हय ह्यात?”

“नाही. मुद्दाम.”

“मंग म्या कुठं वाजवलं?”

मी यादी मिटून ठेवली. झोप येत नाहीये.

१६ मे

सुचलं! रात्रभर कसं सुचलं नाही कळत नाही.

सकाळी आण्णांना विचारलं, मोरपंखात कोण कोण होतं? एका दमात सांगितलं. ट्रम्पेट सिद्धाराम. ढोल बब्रुवान. झांज बालाजी. मग थोडं थांबून, लाजत — “क्लॅरिनेट... ते तुला ठावं हाय.” मी सगळं उतरवून घेतलं.

“आन् मालकाचं नाव?”

“मला आठवत नाही.”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “च्या टाक.”

१९ मे

आलं चॅनेलवर!

पहिला नंबर: मोरपंख बँड, कळंब. निकष जसेच्या तसे, एक काना इकडचा तिकडे नाही. खाली मोठ्या अक्षरात — क्लॅरिनेट: बलभीम. ट्रम्पेट: सिद्धाराम. ढोल: बब्रुवान. झांज: बालाजी. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: ‘मालकाचे नाव उपलब्ध नाही’.

ढोलावर जे नाव होतं ते नाही. जी नव्हती ती आहेत.

यज्ञेश विचारत होता, “अगं, मालक तर इथंच गल्लीत राहतात. नाव टाकू का?” मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

सिद्धारामकाकांची नात लातूरला असते, तिचा फोन आला. नीट बोलताच येत नव्हतं तिला. मिलमधल्या लोकांनी आण्णांना आज पोतं उचलू दिलं नाही, खुर्चीवर बसवून ठेवलं. आण्णा म्हणाले, “दिसभर बसून कंबर धरली.”

२० मे

आला! फोन आला! यज्ञेशकडून नंबर घेतला म्हणे.

“माझं नाव कुठाय? चाळीस लग्नं झाली एका उन्हाळ्यात, ती कुणाच्या नावावर झाली?”

हे वाक्य मी आठवडाभर तोंडात घोळवून ठेवलं होतं. सावकाश म्हटलं, “मालक व्हय? व्हता एक. नाव आठवत न्हाय.”

पलीकडे नुसता श्वास. मग —

“बलभीमाची तू!”

बघ! आठवलं की नाव! लगेच आठवलं!

“व्हय,” म्हटलं.

“तरीच! बापाचंच रगत! जा, इचार जा बापाला — कोट काढला कुणी आन् हाणला कुणी!”

फोन ठेवला. काय म्हणाला हा?

२१ मे

विचारलं. आण्णांनी नेहमीसारखं खाली बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते! इतकी वर्षं खाली बघून हसू दाबत होते!

“म्होरल्या वरातीत पुढाऱ्याचं पोरगं व्हतं. अप्पा भ्याला. म्हणला, थांब. जिकत आलो व्हतो, कसा थांबू? म्याच काढला कोट आन् दिला हाणून त्याच्या थोबाडावर. क्लॅरिनेट मातुर गाड्यावर नीट ठिवलं. त्याचा काय दोष?”

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, “माझ्या माहेरी काय सांगायचं मंग? ऐन लगीनसराईत जावयानं काम फेकलं म्हणून?”

यज्ञेशला फोन केला. मालकाचं नाव टाक म्हटलं, मोठ्या अक्षरात, आणि खाली कोटाची ही हकीकत. इतिहास पूर्ण हवा. कोट कुणाच्या थोबाडावर बसला, ते लोकांना कळायला नको?